अमूर्त चित्र पाहायला कसं शिकावं: सोलापुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

घरात सोलापुरी चादर असेलच. ती काढा. मयूरपंखाच्या नक्षीची असली तर फार बरं. आता पिसाची कड अगदी जवळून पाहा. लांबून गोल वळलेली वाटणारी ही कड जवळून पायऱ्यापायऱ्यांची दिसते, कारण मागाला वळण विणता येत नाही. त्याला उभा धागा आणि आडवा धागा एवढंच ठाऊक असतं. मोराचं पीस चादरीवर यायचं तर कुणीतरी आधी आलेख कागद घेऊन बसतं आणि एकेक चौकोन ठरवतं: हा रंगवायचा, हा सोडायचा. त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पडतात आणि भोकांप्रमाणे मागावर बसवलेलं जॅकार्ड हे यंत्र ताण्याचे, म्हणजे उभे, धागे उचलतं. आता हे काम संगणकावरही होतं, पण ठरवावं माणसालाच लागतं. पिसातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं, याचे त्या माणसानं घेतलेले शेकडो निर्णय आपण थंडीत अंगावर ओढून झोपतो.

अमूर्त चित्र पाहायला शिकायचं म्हणजे असे निर्णय ओळखायला शिकायचं. व्यक्तिचित्रातही निर्णय असतात, पण ते चेहऱ्याआड दडतात. आपण नाक-डोळे ओळखतो, 'हुबेहूब आहे' म्हणतो आणि पुढे सरकतो. अमूर्त चित्रात ओळखण्याजोगं काही नसतं, त्यामुळे रंग कुठे जाड झाला, रेघ कुठे थांबली, कोपरा रिकामा का राहिला, हे सगळं उघड्यावर येतं. सुरुवातीला ते अवघड वाटतं ते यामुळेच. पण एकदा डोळा बसला की चित्रापुढून पाय निघत नाही.

कलादालनात कधी पाऊल न ठेवलेल्यांसाठी हे लिहिते आहे. मूळ चित्रं पाहायला आपल्याला मुंबई-पुणे गाठावं लागतं, हे खरं. पण पाहण्याची तालीम सोलापुरात उत्तम होते, कारण नक्षी, धागा आणि रांगोळी यांचं वळण इथल्या डोळ्यांना लहानपणापासून असतं. सामान थोडंच लागेल: एक वही, पेन्सिल, मोबाईल, पोस्टर कलरचा साधा डबा, थोडे कागद आणि काही रविवार.

आधी धास्ती घालवा

'आपल्याला यातलं काही कळत नाही' या धास्तीनंच लोक अमूर्त चित्रापासून लांब राहतात. ती घालवायला फार काही करावं लागत नाही. गावाच्या वेशीवर शेंदूर फासलेला दगड असतो. त्याला नाक नाही, डोळे नाहीत, तरी येणारा-जाणारा हात जोडतो. हा दगड कुणासारखा दिसतो, असं कुणी विचारत नाही. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. कमरेवर हात ठेवलेली नुसती काळी आकृती रिक्षाच्या मागे रंगवलेली दिसली, चेहऱ्याचा पत्ता नसला, तरी लहान मूलही विठ्ठल म्हणतं. रूप गाळत गाळत नेलं तरी काहीतरी उरतं आणि ते आपल्यापर्यंत पोचतं, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

ज्यांनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या त्यांना संकल्पचित्राचा पेपर आठवत असेल. दिलेल्या चौकोनात आकार बसवायचे, रंगसंगती ठरवायची, मोकळी जागा राखायची. त्या कागदाकडे पाहून 'हे काय काढलंस?' असं चित्रकलेच्या सरांनी कधी विचारलं नाही. 'इकडे जड झालंय, हा रंग मागे सरकव' असं मात्र म्हणाले असतील. पुढे लागणारी जवळजवळ सगळी भाषा त्या एका पेपरात होती. परीक्षा संपली आणि ती आपण विसरून गेलो.

आणखी एक गैरसमज असतो, की ज्याला माणूस नीट काढता येत नाही तो अमूर्ताकडे वळतो. याच पंढरपुरात १९१५ साली मकबूल फिदा हुसेन जन्मले. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप सुरू झाला, त्याच्या संस्थापकांत हुसेन होते आणि सय्यद हैदर रझाही. हुसेन यांनी घोडा आणि बाई आयुष्यभर सोडली नाही. रझा निसर्गचित्रं काढायचे आणि ती उत्तम काढायचे. १९५० मध्ये ते पॅरिसला गेले, आणि गावं, घरं, झाडं रंगवता रंगवता १९८० च्या सुमारास एका काळ्या वर्तुळापाशी, बिंदूपाशी, येऊन स्थिरावले. मध्य प्रदेशातल्या शाळेत असताना मन भटकू नये म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघत बस म्हणून सांगितलं होतं, ही आठवण रझा सांगत. दोघे एकाच घोळक्यातले, दोघांचा हात तयार. एकानं आकृती ठेवली, दुसऱ्यानं सोडली. दोघांनीही ते जाणून केलं.

एक झाड अमूर्ताकडे जाताना पाहा

पहिला धडा डच चित्रकार पीट मोंद्रियान यांच्याकडून घ्यावा, कारण त्यांनी आपली वाट पावलापावलानं दाखवून ठेवली आहे. मोबाईलवर त्यांची चार चित्रं शोधा: लाल झाड (१९०८-१०), करडं झाड (१९११), फुललेलं सफरचंदाचं झाड (१९१२), आणि १९२० नंतरचं काळ्या रेघांचं, लाल-निळ्या-पिवळ्या चौकोनांचं कुठलंही एक. झेरॉक्सच्या दुकानात रंगीत छापून घेता आली तर चारही भिंतीवर ओळीनं लावा आणि आठवडाभर तिथेच राहू द्या.

पहिल्या चित्रात झाड आहे, यात वाद नाही. मात्र ते लाल आहे आणि मागे निळं आहे, म्हणजे रंगानं खऱ्या झाडाचा हात तिथेच सोडला. दुसऱ्यात रंग गेला. फांद्यांच्या कमानी झाल्या आणि फांद्यांमधल्या मोकळ्या जागा फांद्यांइतक्याच वजनदार झाल्या. इथे थांबा, कारण चारही चित्रांत मला सर्वांत मोलाचं हेच वाटतं. झाडामागचं आकाश आता मागे नाही, झाडाच्या बरोबरीनं पुढे आलं आहे. एवढं दिसलं की निम्मं काम झालं. तिसऱ्यात एकमेकींत अडकलेल्या कमानी उरतात. नाव वाचलं नाही तर झाड सुचणारही नाही. चौथ्यात झाड शोधू नका, ते नाहीच. उभी रेघ, आडवी रेघ, तीन रंग, पांढरं आणि काळं, एवढ्यावर सगळा तोल सांभाळायचा आहे.

या चौथ्या चित्राचं मला ऐकायला मिळालेलं सर्वांत चांगलं परीक्षण कुठल्या समीक्षकाचं नव्हतं. सोलापूरच्या पूर्व भागात एका घरी जॅकार्डसाठी नक्षी काढणारे एक वयस्कर काका आहेत. घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी सोलापुरी मराठी. त्यांना मी मोंद्रियानची छापील प्रत दाखवली. त्यांनी हे काय म्हणून विचारलं नाही. थोडा वेळ पाहिलं, कोपऱ्यातल्या लाल चौकोनावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "हे काढलं तर समदं हिकडं कलंडतंय की ओ." मग अंगठा उचलला. "आता बसलं."

ही अंगठ्याची युक्ती आता मी सगळ्यांना सांगते. चित्रातला एक तुकडा झाका. काही बिघडलं का? कुठली बाजू जड झाली? कुठला रंग एकाएकी भडक वाटू लागला? नंतर दुसरा तुकडा झाका. चांगल्या चित्रात कुठेही झाकलं तरी काहीतरी ढळतं. कुठेही झाकून काहीच फरक पडत नसेल तर ते चित्र बहुधा कच्चं आहे, आणि तसं म्हणायला तुम्ही मोकळे आहात. सगळी अमूर्त चित्रं चांगली नसतात. पुष्कळशी वाईट असतात.

एकाच चित्राला पंधरा मिनिटं

आता एक चित्र निवडा आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं त्याच्यापुढे बसा. माझी शिफारस आपले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या १९६० किंवा ७० च्या दशकातल्या एखाद्या तैलचित्राची. मोबाईलच्या पडद्यावर ते हातून निसटतं. लॅपटॉपवर किंवा टीव्हीवर लावा.

पहिली काही मिनिटं वहीत फक्त काय आहे ते लिहा. 'सारखं' हा शब्द या वेळात बंद. ढगासारखं, समुद्रासारखं, शेवाळासारखं असं लिहिलं की मन त्या ढगाच्या मागे जातं आणि चित्र राहून जातं. त्याऐवजी असं लिहा: वरचा निम्मा भाग पिवळसर, खाली येताना गडद होत जातो, मधे आडवे तुटक डाग, डाव्या बाजूला रंग खरवडल्याची खूण, उजवीकडे काही नाही. वाचायला रूक्ष वाटेल, पण हे लिहिताना डोळा चित्रभर फिरतो, आणि तेच हवं असतं.

मग डोळ्यावर लक्ष ठेवा. तो आधी कुठे जातो, तिथून कुठे सरकतो, कुठे अडतो, परत कुठे येतो? वहीत एक छोटा आयत काढून डोळ्याची वाट रेघेनं उतरवा. दुसऱ्या दिवशी तेच चित्र पाहून पुन्हा उतरवा. दोन्ही वाटा बहुधा जुळतात. जुळल्या तर ती वाट चित्रकारानं आखलेली आहे.

त्यानंतर कडा पाहा. नवशिके चित्राच्या मधोमध पाहतात. चित्रकाराचा बराचसा झगडा कडांशी चाललेला असतो. रंग कडेपर्यंत नेला आहे की आधीच थांबवला? मोंद्रियान यांच्या काही चित्रांत काळी रेघ कडेला टेकण्याआधीच संपते. ती टेकली असती तर काय झालं असतं, हे पेन्सिलीनं करून पाहा. न टेकणाऱ्या रेघेनं चित्र आपल्या चौकटीत बसतं. टेकणारी रेघ चौकटीबाहेरही चालू राहते.

थर पाहा. कुठला रंग आधी लागला आणि कुठला नंतर? गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरायची बोथट सुरी) वापरत. रंग लावत, तो ओला असताना काढून घेत, पुन्हा लावत. फाटक्या कागदाचे तुकडे दाबून उचललेल्या खुणाही त्यांच्या चित्रांत सापडतात. हे कळल्यावर त्या आडव्या तुटक डागांकडे नव्यानं पाहा. ते ब्रशनं काढलेले नाहीत. रंग उचलला गेला तिथे खालचा थर वर आला आहे. नुसत्या एका पिवळ्या पृष्ठभागाकडे इतका वेळ पाहवतं ते खाली अनेक रंग पुरलेले असल्यामुळे.

मग आकार विचारा, म्हणजे लांबी-रुंदी. मोबाईलवर सगळी चित्रं हाताच्या तळव्याएवढी होतात आणि यात फार मोठं नुकसान आहे. अमेरिकन चित्रकार मार्क रॉथको यांची बरीच चित्रं माणसाहून उंच असतात, आणि पाहणाऱ्यानं अगदी जवळ, हातभर अंतरावर उभं राहावं अशी त्यांची इच्छा होती. इतक्या जवळून कडा दिसेनाशा होतात, समोर फक्त रंग उरतो. उलट भारतीय चित्रकार नसरीन मोहमदी यांची रेखाटनं कागदाएवढी लहान. त्यांच्यापुढे वाकावं लागतं, श्वास धरावा लागतो. चित्राच्या माहितीत सेंटीमीटर दिलेले असतात. टेप घेऊन भिंतीवर खडूनं तेवढा आयत आखा आणि त्याच्यापुढे उभे राहा. घरच्यांनी हटकलं तरी आखा.

शेवटी चित्र उलटं करा. रशियन चित्रकार वासिली कांदिन्स्की यांनी लिहून ठेवलं आहे की एकदा संध्याकाळी स्टुडिओत शिरताना त्यांना भिंतीशी एक विलक्षण सुंदर चित्र दिसलं. त्यात काय आहे ते मात्र कळेना. जवळ गेल्यावर लक्षात आलं, ते त्यांचंच चित्र होतं, आडवं टेकून ठेवलेलं. विषय दिसेनासा झाला तेव्हा रंगांचं काम दिसलं. मोबाईलवर कुठलंही चित्र, अगदी राजा रविवर्म्याचंही, उलटं करून हेच साधता येतं. साडीच्या लाल रंगानं चित्राचा केवढा भाग व्यापला आहे हे तेव्हा प्रथम जाणवतं.

अर्थाचा प्रश्न या पंधरा मिनिटांत कुठेच आला नाही. तो टाळायचा नाही, सगळ्यांत शेवटी विचारायचा. इतकं पाहून झाल्यावर 'मला काय वाटलं' हे दोन ओळींत लिहा. तुमचं आणि शेजारच्याचं वेगळं आलं तरी बिघडत नाही, मात्र दोघांनाही चित्रातल्या कुठल्या जागेमुळे तसं वाटलं ते बोट ठेवून दाखवता यायला हवं. 'उदास वाटलं' एवढं पुरत नाही. 'खालचा काळा पट्टा वरच्या निळ्याला दाबतोय म्हणून उदास वाटलं', हे पुरतं.

हाताला रंग लागू द्या

पाहून जेवढं कळतं त्याहून जास्त करून कळतं. चित्रकला येत नसेल तरी पुढच्या गोष्टी करा. त्या येणाऱ्यांसाठी नाहीतच.

एक पांढरा कागद घ्या आणि काळ्या कागदाचे पाच-सहा तुकडे हातानं फाडा. कात्री नको, फाटलेली कड जिवंत राहते. तुकडे पांढऱ्या कागदावर मांडा, चिकटवू नका. सरकवत राहा आणि दर मांडणीचा फोटो घ्या. एक मांडणी शांत करा, एक अस्वस्थ, एक कोसळण्याच्या बेतातली. आकार तेच, रंग तोच, फक्त जागा बदलली. जागा बदलल्यानं भाव बदलतो हे वाचलं तर पटत नाही, हातांनी केलं तर अर्ध्या तासात पटतं. माझ्याकडे शिकायला येणारे मोठे लोक, बँकेतले, शाळेतले, याच खेळात सर्वांत जास्त रमतात.

दुसरी गोष्ट थरांची. जाड कागदावर पोस्टर कलरचा एक थर द्या, वाळू द्या. त्यावर दुसरा रंग द्या आणि ओला असतानाच वर्तमानपत्राचा तुकडा दाबून उचला. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं एखादी जागा ओढून काढा. पुन्हा वाळवा, पुन्हा थर. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात थर झटपट वाळतात, हा आपला फायदा. पाच-सहा थरांनंतर एक क्षण येतो जेव्हा कागद चांगला दिसू लागतो. तुम्ही आणखी एक थर देता आणि तो मरतो. हे प्रत्येकाचं होतं. होऊ द्या. कधी थांबायचं हा या कामातला सर्वांत अवघड निर्णय आहे आणि तो अंगावर आल्याशिवाय गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं का करत ते उमगत नाही.

तिसरी, रांगोळी. ठिपक्यांची घालणाऱ्यांनी, किंवा तेलुगू घरांसमोर सकाळी मुग्गू घालतात तो पाहून, ठिपक्यांची तीच जाळी तीन वेळा मांडा आणि तीन वेगळ्या तऱ्हांनी रेषा फिरवा. त्यातल्या एकीत फूल-पान काही येऊ देऊ नका. संक्रांतीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला नंदीध्वजांच्या वाटेवर रांगोळ्या पडतात तेव्हा गर्दी होण्याआधी जाऊन पाहा. रेघ घालणाऱ्याचं मनगट कुठे वळलं, चिमूट कुठे सैल झाली आणि रेघ जाड झाली, हे वाचता येतं. अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक यांनी १९४७ ते ५० या काळात कॅनव्हास जमिनीवर अंथरून वरून रंग सांडत जी चित्रं केली ती पाहताना नेमका हाच डोळा लागतो: हात कुठे जोरात गेला, कुठे रेंगाळला, कुठे चित्रकार चालत दुसऱ्या बाजूला गेला.

"आमच्या पोरानंबी काढलं असतं की"

हे वाक्य ऐकून चिडू नये. त्यात एक खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर घरीच मिळतं. घरातल्या चार-पाच वर्षांच्या मुलाला रंग आणि कागद द्या. जे येईल ते ताजं असेल, कदाचित तुमच्यापेक्षा कितीतरी चांगलं. मुलांच्या रेघेत जी निर्भयता असते ती मिळवायला मोठ्या चित्रकारांनी आयुष्यं घातली. आता त्याला म्हणा, असंच पण थोडं शांत काढ. असंच पण अर्धा कागद मोकळा सोडून काढ. मुलाला त्यात रस नसतो, आणि नसावाच. त्याच्या हातून घडलं ते घडून गेलं. चित्रकार मात्र घडलेलं पाहतो, त्यातलं काय राखायचं ते ठरवतो, दहा कागद फाडतो आणि अकरावा ठेवतो. नंतर त्याच वाटेवर वीस-तीस वर्षं चालत राहतो.

म्हणून एकच चित्र पाहून चित्रकारावर मत बनवू नका. त्याची सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशी चित्रं एकत्र पाहा. वाट दिसली तर विश्वास बसतो.

कुणापासून सुरुवात करावी

जागतिक नावं भरपूर आहेत. स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंट यांनी १९०६ पासूनच अमूर्त चित्रं केली आणि आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षं ती दाखवू नका म्हणून सांगून ठेवलं. रशियात काझिमिर मालेविच यांनी १९१५ मध्ये पांढऱ्यावर काळा चौकोन रंगवला आणि घरात देवाची तसबीर लावतात त्या कोपऱ्यात, उंचावर, तो टांगला. ही पुढे सावकाश पाहा. मी आपल्या जवळच्यांपासून सुरुवात करा म्हणेन.

गायतोंडे नागपूरला १९२४ मध्ये जन्मले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ मध्ये पदविका घेऊन बाहेर पडले, पुढे दिल्लीत राहिले आणि २००१ मध्ये गेले. त्यांच्यावर चित्रकार पॉल क्ले यांचा आणि झेन बौद्ध विचाराचा प्रभाव होता. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं.

अकोल्याचे अंबादास खोब्रागडे पुढे नॉर्वेत स्थायिक झाले. त्यांच्या कॅनव्हासवर ब्रशचे फराटे वळवळत, एकमेकांना ढकलत जातात. गायतोंडे पाहून झाल्यावर लगेच अंबादास पाहा, म्हणजे 'अमूर्त' या एका नावाखाली किती वेगळे स्वभाव राहतात ते कळेल. प्रभाकर कोलते यांनी जे. जे. मध्ये अनेक वर्षं शिकवलं. त्यांच्या चित्रांत एका रंगाचा मोठा पडदा खालचं बरंचसं झाकतो आणि मधूनच फटीतून खालची वस्ती दिसू देतो. प्रभाकर बरवे यांचं काम पूर्ण अमूर्त नाही, पण चित्र मनात कसं तयार होतं याबद्दल त्यांनी मराठीत लिहिलेलं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक नवशिक्यानं जरूर मिळवावं.

आणि नसरीन मोहमदी. सोलापूरकरांनी त्यांना चुकवू नये असं मला फार वाटतं. १९३७ मध्ये कराचीत जन्म, बडोद्याला अध्यापन, १९९० मध्ये अलिबागजवळ किहीमला मृत्यू. शाई, पेन्सिल आणि आराखडे काढायची अवजारं घेऊन त्यांनी कागदावर रेघा आखल्या. रंग जवळजवळ नाहीच. शेवटच्या वर्षांत आजारानं शरीरावरचा ताबा सुटत गेला, तरी रेघ सुटली नाही. त्यांनी छायाचित्रंही काढली, आणि त्यांत मागावर ताणलेले धागेही आहेत. तुमच्या ओळखीत कुणाचा यंत्रमाग असेल तर विचारून आत जा आणि विणकाम सुरू होण्याआधीचा ताणा मागाच्या बाजूनं, डोळ्याच्या पातळीवरून पाहा. शेकडो समांतर धागे लांब जात एकमेकांजवळ येतात, जरा मान हलवली की सगळी रचना बदलते. तिथून घरी येऊन नसरीन यांची १९७० च्या दशकातली रेखाटनं उघडा. मी आणखी काही समजावायची गरज उरणार नाही.

शीर्षक आणि किंमत

बऱ्याच चित्रांखाली 'अनटायटल्ड' लिहिलेलं असतं. पाहणाऱ्याला शब्दानं बांधून टाकू नये म्हणून हे केलेलं असतं. शीर्षक असेल तर तेही आधी वाचू नका. पाहून झाल्यावर वाचा. किमतीबद्दल एवढंच: २०१३ मध्ये मुंबईतल्या क्रिस्टीजच्या लिलावात गायतोंडे यांचं एक चित्र २३ कोटींहून जास्त रकमेला गेलं. हा आकडा डोक्यात ठेवून चित्रापुढे उभं राहिलात तर आकडाच दिसेल.

खिडकी घेऊन शहरात

जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला मधोमध काडेपेटीएवढी आयताकृती खिडकी कापा आणि ती डोळ्यासमोर धरून फिरा. भुईकोट किल्ल्याची भिंत, बंद पडलेल्या गिरण्यांची कंपाउंडं, एसटी स्टँडवरचे एकावर एक चिकटलेले आणि फाटलेले पोस्टर, कंबर तलावाचं संध्याकाळचं पाणी. खिडकी किंचित सरकवा. कुठे थांबावंसं वाटतं ते टिपा. फोटो मागाहून, आधी खिडकी. फोटो काढला की पाहणं संपतं.

मग मुंबई

इतकं झालं की मूळ चित्रं पाहायला जा. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणं एका दिवसात होतं आणि बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात काही ना काही लागलेलं असतं. पण पहिली मोठी फेरी मुंबईचीच करावी. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री सुटते, सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला सोडते. तिथून कलादालनांचा काळा घोडा परिसर चालत गाठता येतो. सोमवार टाळा, त्या दिवशी नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट बंद असते. हाकेच्या अंतरावर वस्तुसंग्रहालयाच्या आवारात जहांगीर निकल्सन यांचा आधुनिक भारतीय चित्रांचा संग्रह आहे. तिथली मांडणी बदलत असते, त्यामुळे काय लागलं आहे ते निघण्याआधी पाहून घ्या. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे, अकराला उघडते, प्रवेश फुकट.

एका दिवसात सगळं पाहायचा हट्ट धरू नका. एका दालनातून आधी न थांबता एक चक्कर मारा, मग ज्या दोन-तीन चित्रांनी मान वळवायला लावली त्यांच्यापाशीच परत जा. वहीतली तीच रीत तिथे चालवा: काय आहे, डोळा कुठे जातो, कडा, थर, अंतर. बाजूनं, तिरक्या उजेडात पाहा. रंगाची जाडी छापील प्रतीत कधीच येत नाही, ती इथे दिसेल. हात लावू नका.

जहांगीरमध्ये चित्रकार बरेचदा आपल्या चित्रांजवळच खुर्ची टाकून बसलेले असतात. संकोच करू नका, ते कुणी बोलावं याची वाटच पाहत असतात. 'याचा अर्थ काय?' हा प्रश्न त्यांना दिवसभर येतो आणि त्यावर ते ठरलेलं उत्तर देतात. तुम्ही एका चित्रावर बोट दाखवा (लांबून) आणि विचारा: "यात सगळ्यांत शेवटी काय केलंत?" आणि मग, "हे झालं, आता थांबायचं, हे तुम्हाला कशावरून कळलं?" तुम्ही स्वतः पोस्टर कलरचे थर देऊन एक कागद मारलेला असेल, तर उत्तरातला शब्द न् शब्द तुम्हाला लागेल. वही हातात ठेवा, कारण ते उठून दाखवायला लागतात, ही जागा पाहा, इथे आधी लाल होतं.